डॉक्टरांच्या बॅगेतली पक्कड

साहेबांनी पाणीपुरवठा खात्यातली सारी नोकरी तक्रार विभागात काढली आणि तिथे एकही तक्रार सोडवली नाही. तरीही निरोपसमारंभात त्यांचं झालं तेवढं कौतुक त्या कचेरीत आजवर कुणाचं झालं नव्हतं. त्यांची पद्धतच तशी होती. तावातावाने आलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यायची, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवायचं, तो दमेपर्यंत त्याला बोलू द्यायचं आणि मग चष्मा काढून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "नोंद घेतली आहे." माणूस समाधानाने घरी जाई. पाणी येत नसेच, पण ते येत नसल्याची नोंद झाली आहे एवढ्यावरही माणसं बरेच दिवस काढतात, हा साहेबांचा अनुभव होता.

घरी मात्र या पद्धतीला म्हणावं तसं यश नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ठिबकत होता. बायकोने विषय काढला की साहेब वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, "नोंद घेतली आहे." पाणीपुरवठावाल्यांच्याच घरात नळ गळतो हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती बिचारी नळाखाली फडकं ठेवी. फडक्यामुळे आवाज होत नसे, आणि आवाज होत नाही म्हणजे तक्रार मिटली असं साहेब धरून चालत. खात्यातही ते असंच धरून चालत असत.

तर असे हे साहेब निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि ज्याला कुणी काही सांगायला येत नाही अशा माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा फोन आला.

ताईचे यजमान डॉक्टर होते. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत, ताईसुद्धा. हल्लीच्या काळातही ते हातात बॅग घेऊन लोकांच्या घरी जाऊन त्यांना तपासून येत, आणि या होम व्हिजिटांवर त्यांचा फार जीव होता. दवाखान्यात ते कसेबसे बसत. कुणाचं घरी बोलावणं आलं की त्यांचे डोळे चमकत. पण ताईचं म्हणणं असं की, अलीकडे या होम व्हिजिटांच्या तक्रारींनी तिच्या नाकी नऊ आले होते. भाजी घ्यायला गेली तरी कुणीतरी बाजूला घेऊन डॉक्टरांबद्दल सांगे. त्यातली एक तक्रार खुद्द डॉक्टरांच्या कानावर गेली, आणि आदल्या दिवशी जेवताना ते शांतपणे म्हणाले होते की लोकांना त्रासच होत असेल, तर पुढच्या महिन्यापासून होम व्हिजिट बंद.

"अरे, ते बंद झालं ना, तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल," ताई म्हणाली. "तू एवढी वर्षं तक्रारी मिटवल्यास. माझ्या घरच्या तेवढ्या मिटव."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर बोलताना उभं राहायची गरज नसते, पण कर्तव्याची हाक बसून ऐकणं त्यांना बरं दिसेना. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाची तक्रार आहे म्हणून. साहेब म्हणाले, "तुला नाही कळायचं." तिने नळाखालचं फडकं पिळलं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत एक टेबल आलं. टेबलामागे साहेब, आणि टेबलावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी: 'होम व्हिजिट तक्रार निवारण. कृपया एकावेळी एकानेच बोलावे.' डॉक्टर आतून डोकावले, पाटी वाचली आणि परत आत गेले. तो सालस माणूस होता. बायकोच्या भावाशी वाद घालायचा नसतो, एवढं त्यांना वैद्यकीचं शिक्षण न घेताही कळत होतं.

पहिले आले ते शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर मुलांना उभं केलेलं असल्यामुळे ते स्वतः खुर्चीत बसले की पुरते बसत. त्यांनी सांगितलं की त्यांचा गुडघा सुजला होता म्हणून त्यांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर आले, गुडघ्याला हात लावला आणि मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. घड्याळ मागे पडत होतं. डॉक्टरांनी ते खाली काढलं, बॅगेतून एक चामडी पिशवी काढली, पिशवीतून पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि घड्याळाचं पोट उघडून बसले.

"मी आपला माझ्या मुलाचं काहीबाही बोलत बसलो," मुख्याध्यापक म्हणाले. "तो परगावी असतो, फोन करत नाही, असलं काहीतरी. हे घड्याळात डोकं घालून बसलेले. आणि आता ते घड्याळ भर दुपारी तीन वाजता बाराचे टोले देतं."

गुडघ्याचं काय झालं, असं साहेबांनी विचारलं. गुडघा बरा झाला होता. पण मुख्याध्यापकांच्या मते तो मुद्दा नव्हता.

नंतर शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या सासऱ्यांना खोकला होता म्हणून डॉक्टरांना बोलावलं होतं. डॉक्टरांनी सासऱ्यांची छाती तपासली आणि मग तिच्या शिवणयंत्राखाली शिरून त्याला तेल घालायला लागले. ते खाली, ही वर, आणि बोलता बोलता हिच्या तोंडून नको तेवढं बाहेर पडलं. आता यंत्र इतकं हलकं चालतं की थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं. आणि वर कहर म्हणजे, खोकला सासऱ्यांना आणि औषध लिहून दिलं तिला.

साहेबांनी चष्मा काढला. एकाच्या आजाराचं औषध दुसऱ्याला, ही गंभीर अनियमितता होती. पाणीपुरवठ्यात एकाचं पाणी दुसऱ्याला गेलं की चौकशी लागते. औषध घेतलंत का, असं त्यांनी दरडावून विचारलं. बाई खाली बघत म्हणाली, घेतलं, आणि आता रात्री झोपही लागते, पण रीत ती रीत.

साहेबांनी दोघांनाही सांगितलं, "नोंद घेतली आहे." दोघंही समाधानाने गेली. आणि इथेच घोटाळा झाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला खुर्ची मिळते, पंखा मिळतो, आणि एक चांगला मोठा साहेब मान हलवत आपलं सगळं ऐकून घेतो, ही बातमी बघता बघता पसरली. ज्यांच्या डोक्यात तक्रारीचा विचारही नव्हता अशी माणसं घरात शोधाशोध करू लागली. कुणाच्या इस्त्रीला डॉक्टरांनी नवी वायर लावली होती; आता इस्त्री गरम होण्याऐवजी दिवे मंद होत. कुणाच्या छत्रीला त्यांनी खटका बसवला होता. ती माणूस घराबाहेर पडण्याआधीच उघडे आणि दारात अडके. दवाखान्यात तपासून घ्यायला रांग नव्हती, तक्रारीला होती. औषधाच्या दुकानदाराने येऊन सल्ला दिला की साहेबांनी टोकनं द्यावीत. मुख्याध्यापकांनी सल्ला दिला की टोकनं देऊ नयेत, शिस्त लावावी, आणि ती लावायला ते स्वतः रोज येऊन बसू लागले.

आलेल्या गर्दीला आळा घालायचा तर नियम हवा. साहेबांनी खात्यातला एक जुना, कसोटीला उतरलेला नियम काढला: ज्याला आजार झाला होता त्यानेच समक्ष येऊन तक्रार करावी. त्यावर बेकरीवाल्याच्या बायकोने बिनतोड मुद्दा मांडला. तिच्या नवऱ्याला समक्ष येता येत असतं, तर त्यांनी डॉक्टरांना घरी कशाला बोलावलं असतं? आता मात्र साहेबांनाच तक्रारदाराच्या घरी जाणं भाग होतं. होम व्हिजिटांच्या तक्रारी ऐकण्यासाठी होम व्हिजिट, असा तो प्रकार सुरू झाला. ताईने कपाळाला हात लावला, पण भावाचा एवढा उत्साह तिने त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता, म्हणून तिने त्याला अडवलं नाही.

बेकरीवाला पलंगावर पडून होता. ताप उतरला होता, अशक्तपणा तेवढा राहिला होता. साहेबांनी आत येऊन दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून म्हणाले, "बोला, काय तक्रार आहे?"

बेकरीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "दार लावलंत?"

साहेब म्हणाले, अर्थात, तक्रार खाजगीत ऐकायची असते. बेकरीवाल्याने उशीवर डोकं टेकलं आणि सांगितलं की तक्रार दाराचीच आहे. डॉक्टरांनी कुलूप दुरुस्त केल्यापासून ते दार फक्त बाहेरून उघडतं. घरातली माणसं खिडकीतून वाटसरूला हाक मारून बाहेर पडतात. बायको आत्ताच बेकरीत गेली आणि दुकान बंद करूनच येईल. वाटसरू या वेळी फारसे नसतात, ऊन असतं.

साहेब खिडकीशी उभे राहिले. खात्याची भाषा सोडून हाक मारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे पहिल्या वाटसरूला त्यांनी "कृपया इकडे लक्ष द्यावे" असं म्हटलं, आणि तो पाय उचलून निघून गेला. दुसऱ्याला वाटलं कुणीतरी काहीतरी विकतंय. मग साहेब येऊन बसले. आधी त्यांनी डॉक्टरांबद्दलची तक्रार ऐकली, मग बेकरीच्या भट्टीची हकीकत ऐकली, मग बेकरीवाल्याने डोळे मिटले तरी ते बसूनच होते, कारण दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याच्या बायकोने त्यांच्याच टेबलासमोर बसून त्यांचीच तक्रार केली. डॉक्टर निदान हातांनी काहीतरी करतात, हे नुसते बसून राहतात, आणि माणूस झोपला तरी उठत नाहीत.

साहेबांच्या तोंडून आपोआप "नोंद घेतली आहे" बाहेर पडलं, आणि मुख्याध्यापक शेजारी बसून हसले. नोकरीच्या इतक्या वर्षांत साहेबांविरुद्ध एकही तक्रार नव्हती. ते घरी जाऊन न जेवता पडून राहिले. स्वाभिमानाला एवढा मोठा ओरखडा पडल्यावर कालवण गिळवत नाही. पण पडल्या पडल्याच त्यांना प्रकाश दिसला. साऱ्या तक्रारींचं मूळ एकच होतं, आणि ते डॉक्टरांच्या बॅगेत होतं.

सकाळी त्यांनी डॉक्टरांच्या बॅगेतून ती चामडी पिशवी काढून घेतली. पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर, तेलाची छोटी बुधली, सगळं. "डॉक्टर, तुमच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. डॉक्टरांनी पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि बरं म्हणाले. साहेबांनी पिशवी घरी आणून आपल्या कपाटात, निरोपसमारंभात मिळालेल्या शालीखाली ठेवली. ते काय आहे असं बायकोने विचारलं. खात्याची गोष्ट आहे, असं त्यांनी सांगितलं.

आणि काय आश्चर्य, तक्रारी बंद झाल्या. अगदी नळ पिळून बंद करावा तशा. डॉक्टर कुणाच्या घरी गेले की पेशंटसमोर खुर्चीत बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत, त्याच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, काय होतंय. असं कुणी डोळ्यांत बघून विचारलं की माणूस काय सांगणार? सगळे म्हणत, काही नाही, ठीक आहे. डॉक्टर नाडी बघत, गोळी लिहून देत आणि लगेच परत येत. साहेब रिकाम्या टेबलामागे बसून यशाचा आनंद घेत होते. मुख्याध्यापकांनीसुद्धा मान्य केलं की काम चोख झालं. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले की घड्याळ आता पुरतंच थांबलंय, पण त्याचं काही नाही.

मग बोलावणीही येईनाशी झाली. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, कारण खात्यात लोकांनी यायचं बंद होणं हीच प्रगतीची खूण मानली जाई. लक्षात आणून दिलं ते ताईने. डॉक्टर आता घरीच असत, आणि रिकाम्या हातांना चैन नसल्यामुळे त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने मिक्सर उघडला होता, रेडिओ उघडला होता आणि तिच्या चष्म्याची दांडी सरळ करून दिली होती. आता चष्मा लावला की तिला सगळं घर डावीकडे कललेलं दिसे.

"पण ते सोड," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "काल म्हणाले, पहिल्या तारखेपासून खरंच थांबतो. मी म्हटलं, आता तर एकही तक्रार नाही. तर म्हणाले, तक्रार कशी असेल, मला कुणी काही सांगतच नाही. मी जातो आणि येतो. माझा काही उपयोग होत नाही."

जे वाचवायला ते गेले होते, ते त्यांनी अगदी व्यवस्थित, नियमानुसार मोडून ठेवलं होतं. ते घरी आले आणि पायऱ्या चढताना त्यांना गरगरलं. बायकोने त्यांना पलंगावर निजवलं, आणि ते नको नको म्हणत असतानाच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. नव्या पद्धतीप्रमाणे समोर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि विचारलं, "साहेब, काय होतंय?"

खरं तर साहेबांना सांगायचं होतं की मी चुकलो, मला कुणी विचारत नव्हतं म्हणून मला फार घाई झाली होती. पण डॉक्टर थेट डोळ्यांत बघत होते. साहेब म्हणाले, "काही नाही. ठीक आहे."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू हे त्यांना अपेक्षितच होतं. रक्तदाब पाहिला, थोडा वाढला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. टप. टप. त्या दिवशी नळाखाली फडकं नव्हतं. ते धुवायला टाकलं होतं की बायकोने मुद्दाम काढलं होतं, हे साहेबांनी पुढेही कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी कान टवकारले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, शाळेत पोरं सुट्टीच्या घंटेआधी मास्तरांकडे बघतात तसं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. कपाटाचं दार वाजलं, शाल सरकल्याचा आवाज आला, आणि बायकोचा आवाज आला: "खात्याची गोष्ट आहे म्हणे. घ्या डॉक्टर."

मग बराच वेळ स्वयंपाकघरातून खडखडाट ऐकू येत राहिला. डॉक्टर ओट्याखाली शिरले असावेत, कारण त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता. पाना द्या वहिनी. बॅटरी इकडे धरा. थोडी डावीकडे. आणि मग, मध्येच, काहीही न विचारता, साहेबांची बायको बोलायला लागली.

"मला काही झालेलं नाही हो डॉक्टर. नुसतं डोकं धरतं. हे निवृत्त झाले ना, तेव्हा मला वाटलं, चला, आता घरात बोलायला माणूस आला. तर हे तुमच्याकडे जाऊन बसले. सगळ्या जगाचं ऐकतात. परवा त्या बेकरीवाल्याचं तो झोपेपर्यंत ऐकलं यांनी. मी कुठल्या रांगेत उभी राहू?"

"हं," डॉक्टर ओट्याखालून म्हणाले. "पक्कड द्या."

"नळाचं काय एवढं. एक माणूस बोलावला असता तर कधीच झाला असता. पण म्हटलं, यांना सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. तेही मिटलं तर बोलायचं कशावर?"

पलंगावर साहेबांनी डोळे उघडले. त्यांना रागवायचं होतं, पण राग येईना. एवढी वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात घालवली आणि इतकं साधं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांना मुख्याध्यापकांचा मुलगा आठवला, जो घड्याळ उघडं होतं तेवढ्यापुरताच बोलण्यात आला होता. शिवणकामवाल्या बाईला मिळालेलं औषध आठवलं. ती गंभीर अनियमितता आता त्यांना वेगळीच दिसायला लागली. डॉक्टर डोकं दुसरीकडे घालून बसत, म्हणून तर माणसं बोलत.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाह्या ओल्या होत्या, कपाळाला काळं लागलं होतं आणि चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. साहेब उठून बसले. त्यांनी चामडी पिशवी डॉक्टरांच्या हातातून घेतली, स्वतः त्यांच्या बॅगेत ठेवली आणि बॅगेचा खटका लावला.

"पुन्हा तक्रारी येतील," डॉक्टर म्हणाले.

"येऊ देत. मुख्याध्यापकांचं घड्याळ थांबलंय. त्यांनी तक्रार केली नाही, पण ते सांगून गेलेत."

डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही. ते चहाला न थांबता जिना उतरलेसुद्धा. खिडकीतून साहेबांनी पाहिलं, या वयाचा माणूस बॅग हलवत जवळजवळ पळत चालला होता.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मुख्याध्यापकांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरू लागले होते, ते तावातावाने सांगून गेले, आणि जाता जाता मुलाला स्वतःच फोन केला असंही सांगून गेले. शिवणकामवाल्या बाईकडून बोलावणं होतं, बेकरीवाल्याकडून होतं. ताईचा आवाज असा फुलला होता की जणू घरात लग्न निघालंय. पहिल्या तारखेचं काय ठरलं, असं साहेबांनी विचारलं. पहिल्या तारखेला डॉक्टर इस्त्रीवाल्यांकडे जाणार होते.

फोन ठेवून साहेब वळले तर दारात बायको उभी होती.

"एक तक्रार आहे," ती म्हणाली. "नळ ठिबकायचा थांबलाय. पण आता उघडतच नाही."

साहेबांच्या तोंडात ते तीन शब्द आलेच होते. त्यांनी ते गिळले. कपाटावरून बॅटरी घेतली, शेजारून पाना मागून आणला आणि या वयात, मांडी घालता येत नसतानाही, ओट्याखाली शिरले. नळाच्या बाबतीत त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सापडला तो नट त्यांनी थोडा इकडे फिरवला, थोडा तिकडे फिरवला.

"बॅटरी धर जरा," ते आतून म्हणाले. "आणि सांग, आज काय काय झालं?"

ती खाली फरशीवर बसली, बॅटरी धरली आणि सांगायला लागली. त्या रात्री त्यांनी शेजारून बादलीने पाणी आणलं, आणि तक्रार कुणाचीच नव्हती.